काकवी, मळी आणि हैतीची रम

हैतीच्या खेड्यांतली 'क्लेरँ' नावाची रम युरोपच्या बारमध्ये मिळू लागली, हे वाचून वाळव्या-कराडकडच्या माणसाला वाटतं, ऊस तर आपल्याकडेही ढिगाने आहे. मग अडलं कुठे?

हैती 1804 ला स्वतंत्र झाला. गुलामांच्या घामावर चाललेले फ्रेंचांचे मळे मोडले, जमिनीचे तुकडे शेतकऱ्यांकडे आले आणि भट्ट्याही लहानच राहिल्या. रस किंवा तो आटवून केलेला पाक हवेतल्या यीस्टवर आंबवायचा, गाळायचा, गावातच विकायचा. 2010 नंतरच्या दशकात जिनोव्हाच्या 'वेलिए' कंपनीने हा माल युरोपात नेला. तिने गावोगावचा माल एकत्र मिसळला नाही, हा खरा शहाणपणा. साँ मिशेल, काव्हायाँ, बाराडेर अशा गावागणिक बाटली वेगळी, वर गाळणाऱ्याचं नाव. नाव टिकवणं सोपं नसतं: ब्राझीलच्या कशासा या उसाच्या दारूलाही अमेरिकेत 2013 पर्यंत 'ब्राझिलियन रम' म्हणवून घ्यावं लागत होतं.

आता आपलं गुऱ्हाळ बघा. काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी सोडतात, वर आलेली मळी काढून टाकतात. गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो. त्याआधीच उतरवली तर काकवी. (कारखान्याची मळी वेगळी, ती साखर काढल्यावर उरते, टनामागे साधारण 40 ते 45 किलो, आणि आपली रम मुख्यतः तिच्यापासूनच होते.)

हात आहेत, रस आहे. परवानगी मात्र 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने हिरावली. सरकारला महसूल मोजून घेता यावा म्हणून दारूचं गाळप मोजक्या परवानाधारक भट्ट्यांत गोळा झालं. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. गावात उरली ती चोरून लावलेली हातभट्टी: काळा गूळ, नवसागर, पोलिसांची भीती. ती पिऊन माणसं मेली, तेव्हा तिच्याबद्दल गळा काढायचं कारण नाही.

द्राक्षांचं नशीब बरं. 2001 च्या धोरणाने वाईनला सवलती मिळाल्या आणि पलूसला वाईन पार्क आला. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते ढेपेला. गोव्याच्या काजू फेणीने ते 2009 लाच मिळवलं होतं. तिकडे गावच्या भट्ट्या अजून पेटत होत्या.