बर्फाची पेटी आणि पंप: दात्याचा अवयव टिकवण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

प्रत्यारोपणाची बातमी म्हटली की हल्ली डुकराची किडनी किंवा डुकराचे हृदय पुढे येते. ते संशोधन मोठेच आहे. पण गेल्या पंधरा वर्षांत प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनांचे रोजचे काम ज्याने बदलले तो प्रश्न त्याहून साधा आहे: दात्याच्या शरीरातून काढलेला अवयव रुग्णाच्या शरीरात बसेपर्यंतचे मधले तास ठेवायचा कसा? अनेक दशके याचे उत्तर ठरलेले होते. थंड द्रावणाने रक्त धुऊन काढायचे, अवयव निर्जंतुक पिशवीत घालायचा, पिशवी बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि घड्याळाकडे बघत पळायचे. आता त्या पेटीच्या जागी पंप, नळ्या, प्राणवायू आणि कधी कधी चक्क शरीराच्या तापमानाचे रक्त खेळवणारी यंत्रे दिसू लागली आहेत. त्यांना सर्रास नवे तंत्रज्ञान म्हटले जाते. खरे तर हे यंत्र एकदा येऊन गेलेले आहे. ते का गेले आणि का परतले, हे कळल्याशिवाय आजच्या चाचण्यांचे निष्कर्ष नीट वाचता येत नाहीत.

कल्पना तर दोनशे वर्षांहून जुनी. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ ले गॅल्वा यांनी १८१२ मध्येच लिहून ठेवले होते की, हृदयाचे काम बाहेरून रक्त सोडून करता आले तर शरीराचा कोणताही भाग जिवंत ठेवता येईल. तेव्हा हे कागदावरच राहिले. रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडण्याची खात्रीची पद्धतच नव्हती. ती अलेक्सी कॅरेल यांनी १९०२ च्या सुमारास लिऑन शहरात बसवली. बारीक सुया आणि नाजूक धागा हाताळायला ते तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकले होते. वाहिनीच्या कडेला तीन ठिकाणी टाके घेऊन ती ताणायची, म्हणजे गोल तोंडाचा त्रिकोण होतो आणि सुई पलीकडच्या भिंतीत अडकत नाही. आजही ही युक्ती शिकवली जाते. १९१२ चे नोबेल त्यांना या कामासाठी मिळाले.

पुढे न्यूयॉर्कमध्ये कॅरेल यांच्या जोडीला आला तो अटलांटिक एकट्याने ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग. मेव्हणीच्या हृदयाचा आजार पाहून त्याच्या मनात प्रश्न आला होता की हृदय थांबवून दुरुस्त का करता येत नाही. दोघांनी मिळून काचेचा असा पंप तयार केला की ज्यात जंतुसंसर्ग न होता अवयवातून पोषक द्रव फिरत राहील. १९३५ मध्ये त्यांनी मांजराची थायरॉइड ग्रंथी त्यात कित्येक दिवस ठेवून दाखवली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कृत्रिम हृदय’ म्हणून डोक्यावर घेतले. (कॅरेल यांचे वंशशुद्धीबद्दलचे विचार इतके विखारी होते की त्यांचे नाव आदराने घेताना आजही लोक अडखळतात.) पंप मात्र प्रयोगशाळेतच राहिला. त्यात ठेवलेला अवयव माणसात बसवण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ आली तेव्हा सुरुवातीला वेळेचा प्रश्नच टाळला गेला. १९५४ च्या २३ डिसेंबरला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिली दीर्घकाळ टिकलेली किडनी बसवली, ती जुळ्या भावाची होती. दाता जिवंत, रुग्ण त्याच इमारतीत, रक्तगट आणि ऊती दोन्ही जुळणारे. त्याआधी १९३३ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खेरसॉन येथे सर्जन युरी व्होरोनी यांनी मृत दात्याची किडनी बसवली होती. मृत्यूनंतर काही तासांनी काढलेली, रक्तगटही न जुळणारा. रुग्ण दोन दिवसांत गेला. मृत दात्याच्या अवयवाला रक्ताविना काढलेले ते तास किती महागात पडतात, हे तेव्हाच दिसले होते.

त्या तासांत होते काय? रक्तपुरवठा थांबला की पेशीला प्राणवायू मिळत नाही, ऊर्जा तयार होत नाही. पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारे पंप असतात, ते ऊर्जेअभावी बंद पडतात. सोडियम आत शिरतो, त्याच्या मागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. थंडीने हे सगळे मंदावते; ४ अंशांवर पेशीचा चयापचय साधारण दहाव्या भागावर येतो. मंदावतो, थांबत नाही, हे महत्त्वाचे. म्हणूनच बर्फातल्या हृदयाला सुमारे ४ तास, यकृताला १२ च्या आसपास आणि किडनीला २४ ते ३६ तास अशी मर्यादा पडली.

१९६० च्या दशकात या मर्यादेवर दोन उपाय जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फोल्कर्ट बेल्झर यांनी थंड किडनीतून ठेक्याने द्रव फिरवणारे यंत्र बनवले. रक्तद्रव वापरला की त्यातले स्निग्ध पदार्थ गुठळ्या धरून बारीक वाहिन्या बंद करत. बेल्झर यांनी तो द्रव आधी गोठवला, मग वितळवला आणि गाळून घेतला. गुठळी होणारा भाग गाळणीतच राहिला. एवढ्या साध्या गोष्टीने कुत्र्याची किडनी तीन दिवस टिकू लागली. १९६७ मध्ये या यंत्रावर १७ तास ठेवलेली किडनी त्यांनी माणसात बसवली आणि ती चालली.

दुसरा उपाय १९६९ चा. लॉस एंजेलिसमध्ये जेफ्री कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी पेशीच्या आत असतो तसा भरपूर पोटॅशियम असलेला द्रव तयार केला. बाहेरही आतल्यासारखेच क्षार असले तर देवाणघेवाणीला वाव उरत नाही. या द्रवाने धुऊन बर्फात ठेवलेली कुत्र्याची किडनी ३० तासांनीही चालली. वीज नको, पंप नको, यंत्राजवळ बसणारा तंत्रज्ञ नको.

तरी यंत्राची पीछेहाट झाली ती केवळ या द्रवामुळे नव्हे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले आणि हळूहळू बहुतेक देशांनी ते या ना त्या रूपात स्वीकारले. त्याआधी दात्याचे हृदय थांबेपर्यंत थांबावे लागे, म्हणजे अवयव उबदार अवस्थेतच रक्ताविना तडफडलेला असे. मेंदूमृत दात्याचे हृदय चालू असते. अवयव शेवटच्या क्षणापर्यंत रक्तावर राहतो. शिवाय तेव्हाचे बरेचसे दाते अपघातात गेलेले तरुण. असा धडधाकट अवयव काही तास बर्फात काढू शकतो. त्यात १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सर्वत्र आले, शरीराने अवयव नाकारण्याचे प्रमाण खाली आले आणि प्रत्यारोपण करणारी केंद्रे भराभर वाढली. अवयव एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ लागले. विमानात न्यायला पेटी सोयीची होती.

आता यातली गंमत पाहा. पंपावर शेवटचा घाव घातला तो बेल्झर यांनीच. विस्कॉन्सिनला गेल्यावर त्यांनी जेम्स साउदर्ड यांच्यासोबत नवा द्रव तयार केला. पेशीत सहज न शिरणारे मोठे रेणू, लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज, त्यात घातले की पाणी आत ओढले जात नाही आणि पेशी फुगत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो वापरात आला आणि यकृत टिकवण्याची मुदत जवळजवळ दुप्पट झाली. मध्यरात्री धावपळ करून होणारी यकृताची शस्त्रक्रिया सकाळी करता येऊ लागली. जगभर हा द्रव ‘यू डब्ल्यू’ (युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन) या नावाने पेटीत गेला आणि यंत्रे मोजक्या केंद्रांपुरती उरली. माझ्या मते इथे एक गोष्ट नजरेआड झाली: बर्फ जिंकला तो स्वस्त आणि सुटसुटीत होता म्हणून. कोणता अवयव पंपावर आणि कोणता पेटीत हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारी मोठी तुलना त्या काळात झालीच नाही.

१९९० नंतर दाते बदलले. रस्ते आणि वाहने अधिक सुरक्षित झाली तसे तरुण अपघाती दाते कमी झाले. त्यांच्या जागी मेंदूतील रक्तस्रावाने गेलेले, वयस्क, रक्तदाब किंवा मधुमेह असलेले दाते आले. प्रतीक्षायादी मात्र लांबतच होती. मग हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्यांकडे पुन्हा वळावे लागले. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट येथे अशा दात्यांचे प्रकार ठरवले गेले, ते वर्गीकरण आजही चालते. थोडक्यात, १९६८ च्या आधीचा दाता परत आला आणि बर्फाची पेटी त्याला पुरेना.

किडनीने यावेळी सुंदर पुरावा दिला, कारण प्रत्येक दात्याला त्या दोन असतात. युरोपातल्या तीन देशांत ३३६ दात्यांची एक किडनी यंत्रावर आणि दुसरी बर्फात ठेवली गेली. दाता तोच, वय तेच, मरणाचे कारण तेच. फरक फक्त साठवणुकीचा. बसवल्यानंतर किडनी लगेच न चालण्याचे प्रमाण यंत्रावर २०.८ टक्के आणि बर्फात २६.५ टक्के निघाले. वर्षअखेर टिकलेल्या किडन्या अनुक्रमे ९४ आणि ९० टक्के. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीने चाळीस वर्षे लोंबकळलेला वाद बराचसा मिटवला.

फुप्फुसांत प्रश्न वेगळा होता. दात्यांची बहुतांश फुप्फुसे शंकास्पद म्हणून टाकूनच दिली जात. स्वीडनमधल्या लुंड येथे स्टिग स्टीन यांनी आणि नंतर टोरंटोच्या गटाने ती यंत्रावर शरीराच्या तापमानाला आणून, हवा भरून, चालतात का हे आधी तपासायला सुरुवात केली. टोरंटोने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात अशा २३ धोक्याच्या फुप्फुसांपैकी २० बसवता आली. इथे यंत्राचे काम साठवण्यापेक्षा परीक्षा घेण्याचे झाले.

यकृतात हा बदल सर्वांत जवळून बघता येतो. बर्फातले यकृत फिकट, मुके असते. ते चालेल की नाही हे सर्जनचा हात आणि डोळा ठरवतो. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेल्या यंत्रावर, ज्याचा माणसात पहिला वापर २०१३ मध्ये लंडनला झाला, ३७ अंशांचे रक्त फिरू लागले की यकृताचा रंग परततो, ते साखर वापरू लागते, नळीतून पित्त येऊ लागते. रक्तातले लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की पेशीत साचणारा आणि निरोगी यकृत साफ करणारा पदार्थ) उतरले तर यकृत काम करते आहे, उतरले नाही तर शंका. बर्मिंगहॅमच्या अभ्यासात सगळीकडून नाकारलेली ३१ यकृते अशी पारखली. २२ कसोटीला उतरली आणि बसवली गेली. ते २२ ही रुग्ण ९० दिवसांनी हयात होते. त्यापूर्वी २०१८ मध्ये युरोपातल्या २२० प्रत्यारोपणांच्या चाचणीत यकृताची इजा निम्म्याने घटलेली आणि टाकून द्याव्या लागणाऱ्या अवयवांचे प्रमाणही अर्धे झालेले दिसले होते.

मात्र गरम रक्त हा एकच मार्ग नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने यकृत थंडच ठेवून त्यातून दोन तास प्राणवायूयुक्त द्रव फिरवला. रक्ताविना राहिलेल्या पेशीत सक्सिनेट हा चयापचयातला पदार्थ साठतो आणि रक्त परतताच तो झपाट्याने जळून घातक कण सोडतो. थंडीत आधी प्राणवायू दिला तर हा साठा हळूहळू उतरतो, अशी यामागची मांडणी आहे. हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्यांच्या यकृतात पित्तनलिका नंतर आकसण्याची भीती मोठी. २०२१ च्या त्यांच्या चाचणीत हे प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. झुरिकमध्ये तर त्याच वर्षी एक नाकारलेले यकृत तीन दिवस यंत्रावर ठेवून, त्याला औषधे देऊन, मग रुग्णाला बसवले गेले.

हृदयाचा टप्पा २०१४ मध्ये सिडनीत ओलांडला गेला: थांबलेले हृदय यंत्रावर पुन्हा धडधडवून ते बसवले. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १८० रुग्णांच्या चाचणीत अशा हृदयांवर सहा महिन्यांनी ९४ टक्के रुग्ण हयात होते, मेंदूमृत दात्यांच्या नेहमीच्या हृदयांवर ९० टक्के. याच कामासाठी दुसरी रीतही आहे. मृत्यू जाहीर झाल्यावर दात्याच्या शरीरातच पंपाने रक्त फिरवायचे, पण मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या आधी बंद करायच्या. यात महागडे यंत्र लागत नाही. पण रक्ताभिसरण कायमचे थांबले म्हणून ज्याला मृत ठरवले, त्याचेच रक्ताभिसरण आपण सुरू करायचे आणि मेंदूपर्यंत मुद्दाम पोहोचू द्यायचे नाही, हे कसे बसवायचे? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये हे थांबवा असे म्हटले. स्पेन आणि ब्रिटनमध्ये पोटातल्या अवयवांसाठी ही रीत रुळलेली आहे. मला हा आक्षेप केवळ शब्दच्छल वाटत नाही.

यंत्र सगळीकडे जिंकले असेही नाही. ब्रिटनमध्ये ३३८ रुग्णांच्या चाचणीत, हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्यांची किडनी बसवण्याआधी एक तास गरम रक्तावर ठेवली गेली. ती उशिरा सुरू होण्याचे प्रमाण ६०.७ टक्के, नुसत्या बर्फातल्या किडनीचे ५८.३ टक्के, म्हणजे फरकच नाही. हा निकाल २०२३ चा. त्याच सुमारास टोरंटोसह काही केंद्रांनी फुप्फुसे पंपाविना, नुसती १० अंशांवर ठेवून पाहिली. ती इतकी चांगली राहिली की रात्री आलेली फुप्फुसे सकाळपर्यंत ठेवून बसवता आली. १० अंश बरे, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत १९८० च्या दशकाच्या अखेरीसच दिसले होते. पण तेव्हा अवयव बर्फाच्या पेटीतून जात, आणि बर्फ १० अंशांवर राहत नाही.