पासवर्ड न साठवता पासवर्ड तपासायचा कसा?

‘लिनक्सचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, म्हणजे चोरालाही वाचता येतो. मग ते सुरक्षित कसं?’ लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. त्यामागे एक समजूत असते, की कुलपाची रचना लपवली तर कुलूप पक्कं होतं. ही समजूत डच भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच खोडून काढली होती. लष्करी सांकेतिक लिपींबद्दल लिहिताना त्यांनी सांगितलं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. लिनक्स पासवर्ड कसा सांभाळतं ते पाहिलं, की हे तत्त्व प्रत्यक्षात कसं उतरतं ते दिसतं.

मुळात लिनक्स तुमचा पासवर्ड साठवतच नाही. तुम्ही पासवर्ड ठरवता तेव्हा तो एका गणिती प्रक्रियेतून जातो आणि तिच्यातून बाहेर पडलेली अक्षरांची माळ, म्हणजे हॅश, तेवढी फाइलमध्ये लिहिली जाते. पुढे लॉगिन करताना टाइप केलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया होते आणि दोन हॅश जुळतात का, ते पाहिलं जातं. त्यामुळे सर्व अधिकार असलेल्या रूट वापरकर्त्यालाही तुमचा पासवर्ड बदलता येतो, पण फाइल उघडून वाचता येत नाही. यातून एक सोपी परीक्षाही मिळते. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखाद्या वेबसाइटने तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवला, तर तिने तो परत वाचता येईल असा ठेवला आहे हे नक्की. तिथे काहीही मोलाचं ठेवू नका.

प्रक्रिया उलटी का फिरवता येत नाही? शाळेतल्या गणिताने अंदाज येईल. ४७३१ चा वर्ग २२३८२३६१. यातले मधले चार अंक घ्या: ३८२३. आता कुणी फक्त ३८२३ दिलं, तर मूळ संख्या कशी काढणार? अर्धे अंक आपण फेकून दिलेत. एकेक संख्या घेऊन, तिचा वर्ग करून पाहणं एवढाच मार्ग उरतो. खरी हॅश प्रक्रिया याहून कितीतरी गुंतागुंतीची असते, पण हल्लेखोरापुढे तिथेही हाच मार्ग असतो: अंदाज करा, हॅश काढा, जुळतो का पाहा.

पुढची सगळी झुंज या अंदाजांच्या वेगाशी आहे. बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं त्या प्रणालीच्या, पासवर्डवर एक निबंध लिहिला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले ८६ टक्के एक तर अगदी आखूड होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडणारे होते. युनिक्सची आधीची पद्धत त्या काळच्या पीडीपी-११/७० यंत्रावर एक अंदाज सव्वा मिलिसेकंदात तपासू देत होती. सहा लहान इंग्रजी अक्षरांचे सगळे संभाव्य शब्द, म्हणजे सुमारे ३१ कोटी, १०७ तासांत संपत. म्हणून त्यांनी डीईएस ही सांकेतिक पद्धत घेतली आणि ती एकापाठोपाठ २५ वेळा चालवली. प्रक्रिया मुद्दाम हळू केली.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते संगणक सुरक्षेतल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी ती एक आहे. तिला सॉल्ट म्हणतात. नुसता हॅश वापरला, तर सारखा पासवर्ड असलेल्या दोघांचा हॅशही सारखाच येतो. मग हल्लेखोर शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाचा हॅश एकदाच काढून तक्ता करून ठेवतो आणि फाइल हाती आली की नुसती जुळवणी करतो. सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्यासाठी यंत्राने यदृच्छेने निवडलेली संख्या. ती पासवर्डसोबत प्रक्रियेत मिसळली जाते आणि हॅशच्या शेजारीच उघडी लिहून ठेवली जाते. तिच्यात गुपित काहीच नसतं, तरी ती काम करते. मूळ सॉल्ट १२ बिटांचा, म्हणजे ४,०९६ शक्यतांचा होता. एका शब्दासाठी आता एकाऐवजी ४,०९६ हॅश तयार ठेवावे लागणार. शिवाय या बिटांनुसार डीईएसच्या आतल्या विस्तार-तक्त्यातल्या जागांची अदलाबदल होत असे, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या वेगवान डीईएस चिप हल्ल्यासाठी निरुपयोगी ठरल्या. आजच्या एसएचए-५१२ या हॅश प्रकारात सॉल्टला ६४ चिन्हांतून निवडलेली १६ चिन्हं मिळतात, म्हणजे २ चा ९६ वा घात इतक्या शक्यता. एवढा तक्ता मावेल अशी साठवण जगात नाही. तरीही ही युक्ती विसरणारे असतातच. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते बिनसॉल्टचे होते.

सॉल्ट तक्ते मोडतो, पण एकाच खात्यावर चाललेला अंदाजांचा मारा तो थांबवत नाही. बीएसडी या युनिक्सच्या एका जुन्या आवृत्तीच्या कोडसोबत त्या काळची एक पासवर्ड फाइल राहून गेली होती आणि तिच्यात खुद्द थॉम्पसन यांचा हॅश होता. २०१९ मध्ये तो फुटला. एका ग्राफिक्स कार्डने सेकंदाला सुमारे ९३ कोटी अंदाज तपासत त्याला चार दिवसांहून जास्त वेळ घेतला. आत निघाली बुद्धिबळातली एक चाल, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, जुन्या इंग्रजी पद्धतीने आठ चिन्हांत लिहिलेली. १०७ तासांचे ते सहा अक्षरी शब्द या वेगाने सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपतात.

म्हणून नव्या पद्धती वेळेबरोबर मेमरीही खर्च करायला लावतात. डेबियन ही लिनक्सची एक प्रचलित आवृत्ती. २०२१ च्या डेबियन ११ पासून तिथे येसक्रिप्ट ही पद्धत आपोआप वापरली जाते. एका अंदाजाला तिथे साधारण १६ मेगाबाइट मेमरी लागते. लॉगिन करणाऱ्याला हे जाणवतही नाही. ग्राफिक्स कार्डावरच्या हजारो गणनयंत्रांना मात्र प्रत्येकी तेवढी मेमरी एकाच वेळी देता येत नाही आणि त्यांचा वेग कोलमडतो.

‘मिलिटरी ग्रेड सुरक्षा’ अशा जाहिरातींना भुलण्याआधी पासवर्ड कोणत्या पद्धतीने ठेवता, सॉल्ट आहे का, एवढं विचारावं. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं हेही आता निव्वळ कर्मकांड उरलं आहे. लोक शेवटचा अंक एकाने वाढवतात, बाकी पासवर्ड तोच राहतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर असा बदल सक्तीचा करू नये.

हे हॅश सुरुवातीला सर्वांना वाचता येणाऱ्या पासवर्ड फाइलमध्येच असत, कारण खातेक्रमांकावरून नाव शोधायला कितीतरी प्रोग्रामना ती फाइल लागते. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या वर्मने, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपणहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, त्याचा फायदा घेतला. हॅश वाचून त्याने खात्याचं नाव, तेच नाव उलटं, मग ४३२ शब्दांची स्वतःची यादी असे अंदाज चालवले. तो सोडणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस हा त्या १९७९ च्या निबंधातल्या मॉरिस यांचाच मुलगा. आज हॅश शॅडो नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि ती सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही. बॅकअपमध्ये मात्र ती निमूट जाते, म्हणून बॅकअपच्या परवानग्याही तितक्याच कडक हव्यात.

तुमच्याकडे लिनक्स सर्व्हर असेल, तर रूट म्हणून शॅडो फाइल उघडा आणि प्रत्येक हॅशच्या सुरुवातीला दोन डॉलर चिन्हांमध्ये काय आहे ते पाहा. १ म्हणजे जुनाट एमडी५, ६ म्हणजे एसएचए-५१२, वाय अक्षर म्हणजे येसक्रिप्ट. प्रणाली नवी झाली तरी जुन्या खात्यांचे हॅश जुनेच राहतात, कारण नवा हॅश काढायला मूळ पासवर्ड हवा आणि तो प्रणालीकडे नसतो. अशा खात्याच्या पासवर्डची मुदत चेज (chage) कमांडने संपवली, की पुढच्या लॉगिनला नवा पासवर्ड द्यावाच लागतो आणि हॅशही नव्या पद्धतीने लिहिला जातो. सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या हॅशच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिसलं, तर त्याचा पासवर्ड बंद केलेला आहे. पण त्याची एसएसएच किल्ली, म्हणजे पासवर्डशिवाय दुरून लॉगिन करू देणारी फाइल, तशीच असेल, तर तिने तो अजूनही आत येऊ शकतो. यूजरमॉड (usermod) कमांडने खात्याचीच मुदत संपवा आणि ती किल्लीही काढून टाका.