गोळी सुटायच्या आधीच नेम चुकलेला असतो

दिवाळीच्या सुट्टीत भाचा एनसीसी कॅम्पवरून आला तो तोंड पाडूनच. पाच राउंड (म्हणजे गोळ्या) मिळालेले, त्यातले दोन टार्गेटच्या मधल्या भागात आणि तीन खाली, तेही वाट्टेल तिथं. "मामा, डोळ्याचा नंबर वाढलाय काय की, तपासून घ्याय पायजे," म्हणाला. वहिनी म्हणाल्या, निघताना नजर लागली असणार, शेजारच्यांनी युनिफॉर्ममध्ये बघितलं ना त्याला. मी म्हटलं डोळा पण नाही आणि नजर पण नाही, हे बोटाचं काम आहे, आणि त्याच्या मागं मेंदूचं आहे. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

आमच्या बेळगावात बंदूक ही काय नवलाची गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, प्रत्येक गावात दोन-चार तरी माजी सैनिक, आणि भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं तर खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही रस्त्यावर दिसतात. त्यात २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातलाच की. तेव्हापासून नेमबाजीबद्दल बोलणं वाढलंय आणि एक गैरसमज पण वाढलाय, की चांगल्या नेमबाजाचा हात दगडासारखा स्थिर असतो. तसं कुणाचंच नसतं. जिवंत माणसाचा स्नायू सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरतोच, शिवाय श्वास आहे, हृदयाचा ठोका आहे. स्वप्नीलच्या त्या इव्हेंटमध्ये १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं, आणि ते ५० मीटरवरून. तिथं पण माशी हलतच असते (बंदुकीच्या टोकाची माशी म्हणतोय, ज्याला फौजेत फोरसाइट म्हणतात). ती हलत असताना तिला न दुखवता ट्रिगर दाबणं, एवढंच सगळं कसब आहे.

आता त्या खाली गेलेल्या तीन गोळ्या. सगळे म्हणतात, पोरगं आवाजाला दचकलं. थांबा, हिशोब करूया. पॉइंट टू टू ची (.२२, एनसीसीतल्या छोट्या रायफलची) गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, जवळजवळ आवाजाच्याच वेगानं. नळीतून बाहेर पडायला तिला ३-४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातले तीन-चार. २५ मीटरवरच्या कागदाला भोक पडतं साधारण ७५ मिलिसेकंदांनी. आणि माणूस? दचकल्यावर सगळ्यात आधी मिटते ती पापणी, तिलाही ३० ते ५० मिलिसेकंद लागतात. आवाज ऐकून जाणूनबुजून बोट हलवायला तर तयारीच्या खेळाडूलाही १४०-१५० लागतात. म्हणजे आवाजाला दचकून जे काय हलेल ते गोळी नळीतून केव्हाच निघून गेल्यावर. त्या दचकण्यानं नेम चुकणं शक्यच नाही!

तरी गोळी खाली जाते. याचा अर्थ एकच, हालचाल आवाजाच्या आधी सुरू झालेली असते.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. आपला मेंदू घडल्यावर हलत बसत नाही, घडणार काय याचा अंदाज बांधून आधीच स्नायूंना कामाला लावतो. घरी करून बघा. तळहातावर जाडजूड पुस्तक ठेवा आणि दुसऱ्या हातानं स्वतःच उचला, खालचा हात जागचा हलत नाही. आता तेच पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी उचलायला सांगा, डोळे उघडे ठेवून, कितीही तयारीत राहा, हात वर उसळतोच. स्वतः उचलताना मेंदूला क्षण नेमका माहीत असतो म्हणून तो खालच्या हाताचा जोर त्याच क्षणी कमी करतो. भरलेली समजून रिकामी घागर उचलली की ती उसळते ना, ती पण याच अंदाजाची फसगत. लहान मेंदूचा यात मोठा वाटा असतो.

आता रायफल. पहिल्या गोळीला मेंदूला काही माहीत नसतं, म्हणून नवख्याची पहिली गोळी बऱ्याचदा बरी जाते. दुसऱ्या-तिसऱ्याला तो शिकतो की ट्रिगर गेला की खांद्याला धक्का बसतो आणि कानात आवाज होतो. मग इमानदारीनं धक्क्याच्या आधीच खांदा पुढे रेटतो, मूठ आवळतो, पापणी मिटतो. नळीचं तोंड खाली. पोराला यातलं काही कळत नाही कारण पुढच्या क्षणी खरा धक्का बसतो आणि त्यात सगळं झाकून जातं.

हे उघडं पाडायची युक्ती फार जुनी आहे. भाच्यानं उस्तादांना (फायरिंग शिकवणाऱ्यांना) विचारलं तेव्हा पुढच्या फायरिंगला त्यांनी त्याच्या नकळत पाचात एक डमी राउंड, म्हणजे न उडणारी नकली गोळी, घातला. तिसऱ्याला ट्रिगर दाबला, नुसतं खट्ट झालं, धक्का नाही काही नाही, आणि तरी नळी बोटभर खाली गेली. आजूबाजूच्यांनी बघितलं, आणि मुख्य म्हणजे त्यानं स्वतः बघितलं. डोळ्याचा नंबर तिथंच निकालात निघाला.

थोडं गणित करतो. माशी आणि मागचा साइट (ज्यातून बघून माशी जुळवतात तो) यांत समजा ६० सेंटिमीटर अंतर आहे, तर माशी १ मिलिमीटर सरकली की २५ मीटरवर गोळी सुमारे ४२ मिलिमीटर सरकते. आता हाताच्या थरथरीची चूक धरा १० मिलिमीटर आणि ट्रिगर हिसकल्याची ४०. या दोन चुका एकमेकींवर अवलंबून नसतात, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, १०० अधिक १६०० म्हणजे १७००, वर्गमूळ साधारण ४१. महिनाभर घाम गाळून थरथर निम्मी केली, ५ वर आणली, तरी उत्तर येतं ४०. फरक काहीच नाही! पण थरथर तशीच ठेवून हिसका ४० वरून १० वर आणला तर उत्तर १४. कुठली चूक मोठी आहे ते आधी ओळखायचं, बारकी नंतर बघता येते.

म्हणून नेमबाज ड्राय प्रॅक्टिसवर एवढा वेळ घालवतात, म्हणजे गोळी न घालता नेम धरून ट्रिगर दाबणं. धक्का नाही, आवाज नाही, शंभर-दोनशे वेळा तेच केलं की मेंदूचा अंदाज हळूहळू बदलतो. नळीवर माशीच्या मागे रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. यात दोन गोष्टी पाळाच. गोळ्या त्या खोलीत सुद्धा नकोत, आणि पॉइंट टू टू ची चेंबर (नळीच्या मागं गोळी बसते ती जागा) रिकामी ठेवून खटाखट दाबू नका, फायरिंग पिन (गोळीवर आपटणारी कांडी) थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ खराब होतो, वापरलेला खोका (उडालेल्या गोळीचं रिकामं टरफल) किंवा डमी घाला. भाच्याकडे घरी रायफल नाही, त्यानं हे सगळं परेडच्या दिवशी उस्तादांच्या नजरेखाली केलं.

सध्या मोबाईलवर एकाग्रता वाढवायच्या गोळ्या, पावडरी, सात दिवसांत गरुडासारखी नजर असल्या जाहिराती यायलेत. पोरांनो, पैसे घालवू नका. हात शांत करणारी बीटा ब्लॉकर नावाची औषधं खरंच असतात, पण ती हृदयाच्या आजाराची औषधं आहेत आणि नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे.

आणि परीक्षेचं फायरिंग, त्याला घाबरायचं कारण नाही. फौजेत क्लासिफिकेशन फायरिंग असतं, सगळ्यात वरचा दर्जा मार्क्समन. अंतर ठरलेलं, राउंड ठरलेले, वेळ ठरलेली, म्हणूनच मागच्या वेळची आणि आजची तुलना करता येते. एका गोळीवरून साइट फिरवायला जाऊ नका, पाच गोळ्यांचं ग्रुपिंग बघा, म्हणजे भोकं एकमेकांच्या किती जवळ पडलीत ते. ग्रुप घट्ट आणि एका बाजूला असेल तर साइटचं काम, विस्कटलेला असेल तर माणसाचं.

जानेवारीत भाच्यानं कागद आणून दाखवला. पाचही भोकं चहाच्या बशीत मावतील एवढ्यात, थोडी डावीकडे. "मामा, आता साइट फिरवायचं काय?" मी म्हटलं उस्तादांना विचार, ते दोन क्लिक सांगतील.