मॅट नेलपॉलिशवर शेंगतेलाचा थेंब

मॅट नेलपॉलिशची खरी गंमत ते वाळताना दिसते. ब्रशने नखावर ओढलेला ताजा थर इतर कोणत्याही नेलपॉलिशइतकाच चकचकीत असतो आणि खोलीतल्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ त्यात स्वच्छ उमटते. थोड्याच वेळात नखाच्या कडेने, म्हणजे जिथे थर सर्वांत पातळ असतो तिथून, ही रेघ पुसट होऊ लागते, तिच्या कडा विस्कटतात आणि पाहता पाहता ती नाहीशी होऊन खाली एकसारखा, निस्तेज रंग उरतो. रंगद्रव्य तेच, नख तेच, उजेडही तोच असताना तेवढ्या वेळात बदलतो तो केवळ थराच्या पृष्ठभागाचा आकार.

प्रकाश गुळगुळीत पृष्ठभागावर पडला की ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, म्हणून त्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसते. पृष्ठभागावर प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुलना करता येईल इतके किंवा त्याहून मोठे चढउतार असतील, तर प्रत्येक उतार आपापल्या दिशेने प्रकाश फेकतो आणि प्रतिबिंब जुळून येत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते, म्हणजे एका मायक्रॉनच्या (1,000 नॅनोमीटरच्या) आसपासचा खडबडीतपणाही पुरतो. सोलापूरकरांना हे कापडाच्या भाषेत लगेच पटेल: सूत एकच असले तरी साटीन विणीचे कापड झळकते आणि आपला टेरी टॉवेल झळकत नाही, कारण टॉवेलवरच्या धाग्यांचे फास दहा दिशांना तोंड करून उभे असतात.

नखावर हे चढउतार तयार करण्याचे काम बहुधा सिलिकाचे बारीक कण करतात. सिलिका म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. वाळूतल्या गारेचे रासायनिक सूत्रही हेच असले, तरी येथे वापरतात ती सिलिका स्फटिकरूप नसते आणि तिचे कण काही मायक्रॉन आकाराचे असतात. ओल्या थरात हे कण बुडालेले असतात आणि द्रवाचा पृष्ठताण वरचा भाग सपाट ठेवतो, म्हणूनच सुरुवातीची चकाकी. नेलपॉलिशचा मोठा हिस्सा इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट या उडून जाणाऱ्या द्रावकांचा असतो. ते उडाले की थर आक्रसतो आणि खाली बसतो. कण मात्र आक्रसत नाहीत, त्यामुळे वरचा पापुद्रा त्यांच्यावर ताणला जाऊन उंचसखल होतो.

हा पापुद्रा ज्या पदार्थाचा असतो तो नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनवतात. ख्रिस्टियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1846 साली जगापुढे आणलेला स्फोटक ‘गनकॉटन’ हा त्याचाच थोरला भाऊ. गनकॉटनमध्ये नायट्रोजनचे प्रमाण सुमारे 13 टक्के असते, नेलपॉलिशसारख्या लॅकरच्या, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या लेपाच्या, प्रकारात ते 11 ते 12 टक्क्यांच्या घरात असते. तो स्फोटक नसला तरी सहज पेट घेतो, ही गोष्ट पुढे वाफेच्या प्रयोगापाशी उपयोगी पडेल. कापसावर वाढलेल्या सोलापूरसारख्या गिरणगावाला नेलपॉलिशचे हे मूळ ठाऊक असायला हरकत नाही.

मॅट रंग मूळ रंगापेक्षा फिका का दिसतो, याचा हिशेब सोपा आहे. वाळलेल्या थराचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, सुमारे 1.5 धरला, तर समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी जवळजवळ 4 टक्के प्रकाश रंगद्रव्यापर्यंत न पोहोचता पृष्ठभागावरूनच परत जातो. या प्रकाशाला रंग नसतो. तो दिव्याचाच पांढरा प्रकाश असतो. चकचकीत नखावर तो सगळा एका रेघेत गोळा होतो आणि बाकीच्या नखावर रंग गडद दिसतो. मॅट नखावर तोच प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि रंगावर पांढुरकी छटा चढते. पांढरा किंवा फिकट गुलाबी रंग मुळातच भरपूर प्रकाश परत करतो, त्यामुळे तेथे या 4 टक्क्यांची भर जाणवतही नाही. काळा, वांगी, गर्द हिरवा किंवा डाळिंबी रंग मात्र स्वतः फार थोडा प्रकाश परत करतो, म्हणून त्यात हा फरक ठळक उठून दिसतो. पहिल्यांदाच मॅट लावून पाहणाऱ्याने गडद रंग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फिकट मॅट पाहून पैसे वाया गेल्यासारखे वाटण्याचीच शक्यता अधिक.

आता मॅट नखावर शेंगतेलाचा एक थेंब टाकून पाहावा. सोलापुरात त्यासाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. कडक भाकरीबरोबर तेल सोडलेली शेंगाचटणी चिमटीने घेतली, तरी जेवण उरकेपर्यंत अंगठ्याचे आणि तर्जनीचे नख चमकू लागते. तेल खोलगट जागांत भरते आणि त्याचा वरचा पृष्ठभाग सपाट होतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, शेंगतेलाचा अपवर्तनांक सुमारे 1.47 म्हणजे थराच्या अगदी जवळचा असल्यामुळे तेल आणि थर यांच्या सीमेवरून जेमतेम दहा हजारांत एक भाग प्रकाश परत येतो. खालचे चढउतार जागेवरच असतात, पण प्रकाशाच्या दृष्टीने ते जवळपास पुसले जातात. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असल्याने पाण्याखाली ते पूर्णपणे पुसले जात नाहीत, तरीही ओले नख गडद आणि चकचकीत दिसते. साबणाने हात धुऊन कोरडे केले की मॅटपणा परत येतो. चकचकीत टॉप कोट, म्हणजे रंगावर शेवटी द्यायचा पारदर्शक थर, हेच काम कायमचे करतो, म्हणून मॅट रंगावर साधा टॉप कोट लावणे म्हणजे मॅटसाठी मोजलेले पैसे पाण्यात घालणे होय. याच्या उलट, चकचकीत रंगावर मॅट टॉप कोट लावला तर घरातला कोणताही जुना रंग मॅट होतो. एकच बाटली घ्यायची असेल, तर हीच घ्यावी.

लावण्याच्या पद्धतीतही हेच तत्त्व लागू होते. थर जाड झाला तर कण आत बुडून राहतात आणि पृष्ठभाग सपाट होऊ लागतो. नखाच्या मुळाशी रंग साचला की नेमकी तेवढीच जागा चमकत राहते, त्याचे कारण हेच. म्हणून दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे. बाटली बराच काळ उभी राहिली तर सिलिका तळाशी बसते, तेव्हा ती आधी तळहातांत नीट घोळवून घ्यावी. जोराने हलवल्यास हवेचे बुडबुडे शिरतात. सोलापूरचा मे महिना हा या कामाचा शत्रू आहे. पारा 42-43 अंशांवर गेलेला आणि डोक्यावर पंखा गरगरत असताना द्रावक इतक्या झपाट्याने उडतात की ब्रशचा दुसरा फटकारा अर्धवट वाळलेल्या थरावर ओढला जाऊन ओरखडे पडतात. शिवाय वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतली वाफ बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. चकचकीत रंगात असे ओरखडे बरेचसे टॉप कोटखाली झाकले जातात, मॅटमध्ये ती सोय नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करून सकाळच्या गारव्यात रंग लावणे हाच त्यावरचा साधा इलाज.

मुंबईच्या पावसाळ्यात अडचण उलट्या बाजूने येते. द्रावक उडताना थरातली उष्णता घेऊन जातात, थर थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर द्रवरूप होऊन बसते. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नसल्याने ते बारीक कणांच्या रूपात वेगळे पडते आणि रंगावर पांढरट धुरकटपणा येतो. ओले नेलपॉलिश वाफेवर धरून मॅट करण्याची जी घरगुती युक्ती सांगितली जाते, तिच्यामागे हाच दोष कामाला लावलेला असतो. युक्ती चालते, मात्र परिणाम क्वचितच एकसारखा येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथाइल ॲसिटेटची वाफ उणे 4 अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेण्याइतकी असते, त्यामुळे पेटत्या गॅसवरच्या पातेल्यावर ओले नेलपॉलिश लावलेला हात कधीही धरू नये. पारदर्शक नेलपॉलिशमध्ये कॉर्नफ्लॉवर मिसळण्याची दुसरी युक्ती निर्धोक आहे. पण मक्याच्या स्टार्चचे कण बहुधा 5 ते 20 मायक्रॉनचे, म्हणजे सिलिकाच्या कणांपेक्षा मोठे असल्याने नखावर बोट फिरवले की ते खरखरीत लागते.

मॅट थरही सर्व बाजूंनी मॅट नसतो. नख डोळ्याजवळ आणून खिडकीच्या दिशेने अगदी तिरपे धरले, की त्यात चमक दिसू लागते, कारण तिरक्या प्रकाशाला चढउतारांची उंची कमी भासते. रंगांची चकाकी मोजणाऱ्या उपकरणांत 20, 60 आणि 85 अंश असे तीन कोन ठेवलेले असतात आणि मॅट पृष्ठभागासाठी मुद्दाम 85 अंशांचा कोन वापरतात, तो यासाठीच.

टिकण्याच्या बाबतीत मॅट उणा पडतो, हे मान्य करायला हवे. थरात कणांचे प्रमाण अधिक म्हणजे त्यांना बांधून ठेवणारा पदार्थ तुलनेने कमी, आणि वरून टॉप कोटचे संरक्षणही नाही. भाकरी थापताना ज्वारीचे पीठ गडद मॅट नखाच्या खडबडीत जागांत अडकून बसते आणि काही दिवसांत वापरातल्या बोटांची टोके घासली जाऊन चमकू लागतात. रंग काढताना ॲसिटोनमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळते, पण सिलिका विरघळत नाही. म्हणून रिमूव्हरने नख स्वच्छ झाल्यासारखे दिसले, तरी कडांच्या कातडीत पांढरट पूड राहते. ती साबण आणि मऊ ब्रशने काढून मगच हातांना तेल लावावे.