अनात्सुईंचे पडदे ‘टाकाऊतून टिकाऊ’ नाहीत

घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई यांच्या, दारूच्या बाटल्यांच्या झाकणांपासून केलेल्या लखलखत्या, भिंतभर पडद्यांचे फोटो फिरतात, तेव्हा खाली हमखास लिहिलेले असते: ‘टाकाऊतून टिकाऊ, पर्यावरणाचा संदेश’. हे चूक आहे, आणि कलाकारावर अन्याय करणारेही. ही झाकणे त्यांनी निवडली ती दारूमागच्या इतिहासासाठी. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत आणलेली दारू गुलामांच्या व्यापारात मोबदला म्हणून चालत असे.

आणि कापडासारखे दिसले तरी हे विणकामही नव्हे. जवळून पाहा: नायजेरियातल्या न्सुक्का इथल्या कार्यशाळेत मदतनीस एकेक ॲल्युमिनियमचे झाकण चेपत, दुमडत, पिळत, मग भोके पाडून तांब्याच्या तारेने शेजारच्या तुकड्याला बांधत. हजारो तुकडे, सगळे हाताने. टांगण्याची पद्धतही ठरलेली नसते. दर प्रदर्शनात चुण्या नव्याने पडतात.