पाळीव सशांतील पोटफुगी

पाळीव सशाच्या जठरात किंवा आतड्यांत वायू साचून पोट ताठ होणे. घरी ‘गॅस झाला’ असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग क्वचितच असतो. बहुधा आतड्यांची हालचाल मंदावल्याचे ते लक्षण असते. म्हणून नुसता वायू उतरवून भागत नाही.

घरात पाळला जाणारा ससा मूळचा युरोपातला. विदर्भातल्या माळरानावर दिसणारा भारतीय ससा वेगळ्या वंशातला आहे. त्याला कायद्याचे संरक्षण असल्याने तो पाळता येत नाही. मराठीत दोघांना शब्द एकच, त्यामुळे घोटाळा होतो.

लहान आणि मोठे आतडे जुळते तिथे सशाला सीकम नावाची मोठी पिशवी असते. तिच्यातले जिवाणू चारा आंबवतात. त्यातून बनलेल्या मऊ, चकचकीत, बारक्या द्राक्षघडासारख्या लेंड्या ससा थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. नवख्या माणसाला किळस येते, पण सशाला ‘ब’ जीवनसत्त्वे आणि काही प्रथिने त्यातून मिळतात. आतडे हलते ठेवण्याचे काम मात्र न पचणाऱ्या लांब तंतूंचे. ते कमी पडले आणि पिष्ट व साखर वाढली की जिवाणूंचा तोल जातो आणि वायू होतो. पोट दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थंडावते. सशाला उलटीही करता येत नाही.

प्रौढ सशाच्या खाण्यात सुमारे ८० टक्के वाळलेले गवत हवे. नागपुरातल्या घरांत गाडी इथेच अडते. कॉटन मार्केटची ताजी भाजी रोज दारात येते, पण चांगले वाळलेले गवत मुद्दाम शोधावे लागते. मग ससा भाजीच्या जुडीवरच वाढतो. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार (भुसा) आणि धानाची तणस (पेंढा) गवताची जागा घेऊ शकत नाहीत. लसूणघास व बर्सीम हे चारे वाढत्या पिल्लांना चालतात. प्रौढाला त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जास्त होतात. सांबार (कोथिंबीर), मुळ्याचा व गाजराचा पाला चांगला, पण नवा पाला एका वेळी एकच सुरू करावा. पत्ताकोबी आणि फुलकोबीने अनेक सशांना वायू होतो. गाजर आणि संत्र्याची फोड कधीमधी, तीही चवीपुरती. पोळी, पोहे, फुटाणे, बिस्किटे अजिबात नकोत. घरच्यांना नेमके हेच पटवणे सर्वांत कठीण जाते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा धोका वाढतो. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता टाकतो; ३० अंशांच्या पुढेच त्याला त्रास होऊ लागतो आणि तो खाणे कमी करतो. कूलरच्या खोलीत ठेवल्यास गवत दमट होऊन बुरशी धरते, तेव्हा ते दुसरीकडे साठवावे. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की ससा तिला टेकून बसतो. पाणी जड वाडग्यात द्यावे. नळीच्या बाटलीपेक्षा त्यातून तो जास्त पितो.

आजाराची पहिली खबर सशाच्या लेंड्यांच्या ट्रेमध्ये मिळते. हरभऱ्याएवढ्या गोल लेंड्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या होतात, कधी केसांत ओवल्यासारख्या येतात, मग थांबतात. ससा पाठ काढून कोपऱ्यात बसतो, दात करकरतो, पोट फरशीला दाबतो. पोटाला कान लावला तर एक तर गुडगुड फार वाढलेली असते, नाहीतर काहीच ऐकू येत नाही. दहा-बारा तास खाल्ले नसेल तर सकाळची वाट पाहू नये. पोट ढोलकीसारखे घट्ट असेल तर आतड्याचा मार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी पोट चोळणे किंवा जबरदस्तीने भरवणे धोक्याचे.

सिमेथिकोन या वायूवरच्या औषधाचे थेंब बहुधा अपाय करत नाहीत, पण थांबलेले आतडे त्यांनी सुरू होत नाही. वेदनाशामक, सलाइन आणि ऊब हे उपचार पशुवैद्य ठरवतात. १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. डॉक्टर कोणताही असो, सशांचा अनुभव आहे का हे आधी विचारावे. घरातले उरलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) तोंडाने देणे सशाच्या जिवावर बेतते, कारण त्याने सीकममधले उपयोगी जिवाणू मरून घातक जिवाणू माजतात.