‘कायम’ या एका शब्दाची किंमत

नागपुरात हिवाळी अधिवेशन लागले की यशवंत स्टेडियमच्या आसपास मंडप पडतात आणि त्यांत एक तरी मंडप शिक्षकांचा असतो. मोर्चा निघाला तर मॉरिस कॉलेज टी पॉइंटच्या अलीकडे-पलीकडे अडवला जातो. मागणी तीच, ‘अनुदानाचा पुढचा टप्पा द्या’. सीताबर्डीतून घरी जाणाऱ्याला ट्रॅफिक का तुंबला एवढे समजते, हा टप्पा कसला ते समजत नाही.

संस्थेने शाळा काढायची आणि सरकारने तिला अनुदान द्यायचे, ही रीत जुनी आहे. १८५४च्या शिक्षणविषयक खलित्यात तिची पायाभरणी झाली. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले तेही त्याच वर्षी. मधली शंभर वर्षे सोडून देतो. १९७६च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, म्हणजे धोरणात केंद्राचा हात आला. पुढच्याच वर्षी खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा राज्याचा कायदा झाला. अनुदानित शाळेतला मास्तर संस्थेचा नोकर राहिला, पण पगार सरकारच्या तिजोरीतून, अशी घडी बसली. नवी शाळा काही वर्षे विनाअनुदानित चालवायची, मग टप्प्याटप्प्याने शंभर टक्के अनुदानावर यायचे, हा मार्ग सगळ्यांना ठाऊक होता. त्या भरवशावर गावोगावी शाळा निघाल्या.

तो भरवसा नोव्हेंबर २००१मध्ये मोडला. यापुढे नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच परवानगी, असे ठरले. तिजोरी रिकामी होती, पगाराचा बोजा वाढत होता, हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. पण मान्यतेच्या कागदावर आलेल्या त्या एका शब्दाने दोन शाळा वेगळ्या पडल्या. अभ्यासक्रम तोच, दहावीची परीक्षा तीच. एका शाळेत वेतनश्रेणी आणि दुसरीत संस्थाचालक देईल ते मानधन. पोषण आहाराची खिचडीही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरतीच. म्हणजे झळ मास्तरापाशी थांबली नाही, पोरांच्या ताटापर्यंत गेली. उमरेड किंवा काटोलकडच्या खेड्यात मराठी शाळा फी लावून पगार काढेल, ही कल्पना मंत्रालयात बसूनच सुचू शकते.

जुलै २००९मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. शब्द गेला, पैसा आला नाही, आणि सगळा गुंता इथून सुरू होतो. आधी शाळेचे मूल्यांकन. त्यात पात्र ठरलेल्या शाळांच्या याद्या. ज्यांची नावे जाहीर झाली त्या ‘घोषित’, ज्यांची फाइल वर अडकली त्या ‘अघोषित’. इंग्रजी माध्यम यातून बाहेरच होते. कनिष्ठ महाविद्यालयांच्या कागदावरचा ‘कायम’ निघायला २०१४ उजाडले. पहिले वीस टक्के अनुदान मिळण्याचा निर्णय सप्टेंबर २०१६चा. पूर्वीच्या सूत्रात दर वर्षी वीस टक्के वाढायचे होते. या निर्णयाने सरसकट वीस टक्के दिले आणि पुढच्या टप्प्याची हमी दिली नाही. या शाळांना आता ‘अंशतः अनुदानित’ म्हणतात. वीस टक्के टप्पा म्हणजे वेतनाचा पाचवा हिस्सा सरकारचा, उरलेला संस्थेने द्यायचा. तो किती ठिकाणी मिळतो, हे कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारावे.

फेब्रुवारी २०२३च्या निर्णयाने वीस, चाळीस आणि साठ असे टप्पे आले. ऑक्टोबर २०२४मध्ये आणखी एक टप्पा कागदावर वाढला, पण तरतूद नव्हती. त्यासाठी जुलै २०२५मध्ये भर पावसाळ्यात शिक्षकांना आझाद मैदान गाठावे लागले.

दरम्यान दिल्लीचे धोरणही बदलत होते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि सर्व शिक्षा अभियान या केंद्राच्या योजनेत खर्चाचा केंद्र-राज्य वाटा ६५:३५ झाला. २०१५मध्ये करांतला राज्यांचा हिस्सा ३२वरून ४२ टक्के झाला, आणि त्यापाठोपाठ योजनांतला केंद्राचा वाटा ६० टक्क्यांवर आला. २०१८पासून हे सगळे ‘समग्र शिक्षा’त आहे. यातून पुस्तके, गणवेश, बांधकाम, प्रशिक्षण होते. खासगी शाळेतल्या मास्तराचा पगार यातून होत नाही. तो राज्याचाच विषय राहिला, म्हणून केंद्राने हात सैल केला तरी टप्प्याचा प्रश्न जागचा हलत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत, ही कोठारी आयोगाची १९६६ची शिफारस २०२०च्या धोरणातही पुन्हा लिहिलेली आहे.

शिक्षणहक्क कायद्यानेच विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या आणि त्या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती राज्यावर आली. महाराष्ट्रात तो दर १७,६७० रुपये ठरला. थकबाकीची ओरड कायमची. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. नागपूरसारख्या शहरात एवढ्या अंतरात अशी शाळा नाही, असा भाग शोधावा लागेल. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

टप्प्याच्या वादाला आता निवृत्तिवेतनाची बाजू जुळली आहे. १ नोव्हेंबर २००५पासून नेमलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पण त्याआधी नेमलेल्या, मात्र त्या तारखेला शाळा शंभर टक्क्यांवर नसलेल्या शिक्षकांनाही ती नाकारली गेली. नेमणूक २००५च्या आधीची, मान्यता सरकारची, आणि अनुदान उशिरा आले तेही सरकारमुळेच. तरी तारखेचा भुर्दंड शिक्षकाने भरायचा. ही लढाई न्यायालयात गेली आहे आणि त्यातले कित्येक जण आता निवृत्त होत आहेत.